डबीतला टर्बो

चढ सुरू व्हायच्या आधी बायकोने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "उतरा."

"आज प्रयत्न करून बघूया ना," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून मी नुसत्या चहावर आहे."

"मागच्या महिन्यात पण हेच म्हणालात. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली आणि आपण उलटे खाली आलो. आई अजून झोपेत दचकते."

"मीच उतरले असते हो, जावईबापू," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "पण माझे गुडघे!"

गुडघ्यांपुढे कुणाचं चालत नाही. चालवायला बायको हवी, सासूबाईंना गुडघे होते, आणि गाडीतल्या वजनाचा मोठा हिस्सा तर डॉक्टरांचाच होता. ते उतरले. गाडीने एक आवंढा गिळला आणि ती तुरुतुरु चढ चढू लागली. मागून डॉक्टर.

हे डॉक्टर दातांचे. दिवसभर लोकांना 'आ' करायला लावणारा हा माणूस महिन्यातून एकदा या चढावर मात्र तोंड मिटून चालायचा. कारण चढाच्या टोकाला मेहुण्यांचं घर होतं, घराला गॅलरी होती, आणि गॅलरीत हातात चहाचा कप घेऊन मेहुणे उभे असायचे. त्यांच्या खाली, फाटकाशी, त्यांची सात जणांची भलीमोठी गाडी उभी असायची. समोरच्या घरातली माणसंही याच वेळेला नेमकी कुंड्यांना पाणी घालायला बाहेर यायची.

"या या दाजी!" मेहुणे वरून हाक मारायचे. "सावकाश या, घाई नाही! गाडी पोचली हं केव्हाच!"

एवढ्या एका वाक्यासाठी डॉक्टरांना तो रविवार नकोसा व्हायचा. त्यांना मेहुण्यांकडचं जेवण आवडायचं, मेहुणेही तसे वाईट नव्हते. पण आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपण त्या चढावरून गाडीत बसून, काच खाली करून, कोपर बाहेर काढून वर जावं आणि मेहुण्यांच्या हातातला कप तसाच राहावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

गाडी विकायची सोय नव्हती. ती सासऱ्यांची. गोल डोळ्यांची, बसक्या अंगाची, चार माणसं बसली की श्वास घ्यायला बाहेर जावं लागेल एवढीशी. घरात तिला डबी म्हणत. बायको त्याच गाडीवर चालवायला शिकली होती आणि स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. डॉक्टरांनी लग्नानंतर एकदाच डबी चालवली होती, आणि फाटकाच्या खांबाला त्याची खूण अजून होती. "नवी घेऊया का?" असं त्यांनी एकदा चाचरत विचारलं, तेव्हा बायको म्हणाली होती, "घरातलं बाकी काहीही बदलू." आणि 'बाकी काहीही' म्हणताना तिने डॉक्टरांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

दवाखान्यात पेशंटसाठी ठेवलेली मासिकं पेशंट कधी वाचत नाहीत, दाढ दुखत असताना कोण वाचेल? ती डॉक्टरच वाचतात. अशाच एका मासिकात त्यांना डबीची जुळी बहीण दिसली. तशीच गोल डोळ्यांची, पण डोंगराच्या वळणावर धूळ उडवत निघालेली. खाली लिहिलं होतं, या जुन्या छोट्या गाडीला टर्बो बसवला आहे. डॉक्टरांनी तो लेख तीनदा वाचला. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो त्याच्या जोरावर एक भिंगरी फिरते, ती दुसऱ्या भिंगरीला फिरवते, आणि ती दुसरी भिंगरी इंजिनात ठासून हवा भरते. इतकं सोपं! धूर तर डबी भरपूर सोडतच होती. फुकट चालला होता तो.

जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडून त्यांनी एका अपघाती गाडीचा टर्बो उचलला. नारळाएवढा, गोगलगाईसारखा वेटोळं घातलेला लोखंडी गोळा. प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगेत त्यांनी तो कपाटात ठेवला आणि मग मदतीसाठी बालमित्राला बोलावलं.

हा मित्र लहान घरांमधून स्वयंपाकघरं बसवून द्यायचा. सगळे त्याला ओटेवाला म्हणत. गाडीचं त्याला डॉक्टरांइतकंच कळत होतं, म्हणजे टायर काळे असतात इथपर्यंत. पण अडचणीच्या जागेची त्याला भीती नव्हती.

"जागा नसतेच रे कुठे, डॉक्टर," तो म्हणाला. "जागा काढावी लागते. परवाच एका खोलीएवढ्या घरात ओटा, फ्रिज, भांड्यांचं मशीन आणि सासू-सून, सगळं बसवून दिलं. कुणाचा कुणाला धक्का लागत नाही."

"मी तरी दुसरं काय करतो?" डॉक्टर म्हणाले. "लहान तोंडात मोठे दात बसवायचे, हेच आयुष्यभर केलंय."

अशा दोन आत्मविश्वासांची गाठ पडली की तिथे मेकॅनिकची गरज कुणालाच वाटत नाही. बायकोला सांगितलं, सर्व्हिसिंग आहे, पुढच्या भेटीपर्यंत होईल.

"सर्व्हिसिंगला ओटेवाले कशाला?" तिने विचारलं.

"तो... धरायला."

"काय धरायला?"

"बॉनेट," डॉक्टर म्हणाले आणि घाईने जिना उतरले.

बॉनेट उघडलं. आत बोट घालायला जागा नव्हती. डॉक्टरांनी कपाळावर दिवा बांधला, दात बघायचा छोटा आरसा आत घातला आणि सवयीने इंजिनाला म्हणाले, "जरा मोठा आ करा."

"काय दिसतंय?"

"दाटी. मागचे दोघं-तिघं एकमेकांवर चढलेत. यातलं एखादं काढल्याशिवाय नवीन बसणार नाही. हे बघ, ही बॅटरी. ही काढूया."

"काढायचं काही नाही!" ओटेवाला ओरडला. "गिऱ्हाइकाची वस्तू आपण कधी काढत नाही, सरकवतो. तुला उपटायची सवय रे."

तडजोड अशी झाली की डॉक्टर उपटतील आणि ओटेवाला सरकवेल. डॉक्टरांनी बॅटरी उपटली. ओटेवाल्याने ती डिकीत सरकवली. डिकीत स्टेपनी होती, तिच्यावर बॅटरी डुलू लागली. म्हणून स्टेपनी काढून मागच्या सीटवर बोल्टने आवळून बसवली.

"तात्पुरती," ओटेवाला म्हणाला.

"तात्पुरतीच," डॉक्टर म्हणाले.

बॅटरीच्या जागी टर्बो असा काही चपखल बसला की दोघांनी एकमेकांना मिठी मारली. डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यांनी बॉनेट खाली केलं. बॉनेट लागेना. ओटेवाला त्यावर बसला. तरी लागेना. टर्बोमुळे हवेच्या गाळणीचा डबा उचलला गेला होता आणि तोच बॉनेटला खालून ढुशी देत होता.

"हा डबा वर येतोय. उपट," ओटेवाला म्हणाला. त्याचाही आता उपटण्यावर विश्वास बसत चालला होता.

पण हवेची गाळणी उपटली तर इंजिन धूळ खाणार. ती कुठेतरी हवीच. पुढे जागा नाही, खाली जागा नाही, मग उरला एकच मार्ग. ओटेवाल्याने सिंकच्या नळासाठी भोक पाडायचं त्याचं कटर आणलं आणि इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्याला एक सुबक गोल भोक पाडलं. त्यातून जाड नळी आत आली. गाळणी डॅशबोर्डच्या कप्प्यात जाऊन बसली. मात्र नळीला वळायला ऐसपैस जागा लागत होती, आणि नेमक्या त्याच जागेत पुढच्या माणसाचे गुडघे येत होते. ओटेवाल्याने गुडघ्यांचा प्रश्न मुळापासून सोडवला. त्याने शेजारची सीटच काढली.

"तात्पुरती," डॉक्टर म्हणाले.

ती सीट दवाखान्यात गेली. पेशंट तिच्यावर बसले की आपसूक लावायला पट्टा शोधू लागत.

भटाला दिली ओसरी म्हणतात तसं टर्बोचं झालं. त्याने ठासलेली हवा तापते, ती थंड करायला एक छोटा रेडिएटर हवा, असं मासिकात पुढच्या पानावर लिहिलं होतं. तो आणला. तो बसेल अशी जागा फक्त पुढच्या जाळीमागे होती आणि तिथे हॉर्न होता. हॉर्न सरकून ड्रायव्हरच्या सीटखाली आला. डॉक्टरांनी दाबून बघितला तेव्हा रस्त्यावरच्या कुणाला काही ऐकू आलं नाही, पण डॉक्टरांचं डोकं टपाला लागलं.

"हॉर्न कशासाठी असतो?" ओटेवाल्याने समजूत घातली. "सावध करायला. झालास ना सावध?"

बायको शाळेत शिकवायला गेली असताना एका दुपारी डॉक्टरांनी गुपचूप डबी बाहेर काढली. गल्लीच्या टोकापर्यंत ती नेहमीसारखी रडतखडत गेली. मग डॉक्टरांनी पाय जरा जास्त दाबला आणि बॉनेटखालून 'भुस्स' असा आवाज आला. डबी उधळली. डॉक्टर सीटला चिकटले, कोपऱ्यावरचा दुकानदार दुकानात शिरला, आणि डॉक्टरांनी घाम पुसायला काढलेला रुमाल हातातून सुटून थेट डॅशबोर्डच्या कप्प्यात, गाळणीच्या तोंडात ओढला गेला. पाठोपाठ डबी खोकली आणि बंद पडली. रुमाल डॉक्टरांनी दाढ काढायच्या चिमट्याने, न दुखवता, बाहेर काढला. ओटेवाल्याने कप्प्याच्या तोंडाला सिंकची जाळी बसवली. ती इतकी बरोबर बसली की सिंक बनवणाऱ्याने डबी बघूनच ती बनवली असावी.

"आता काही राहिलं नाही," ओटेवाला हात पुसत म्हणाला.

डॉक्टर त्या संध्याकाळी गाडीभोवती फिरत राहिले. त्यांना चढ दिसत होता, उघडी काच दिसत होती, बाहेर काढलेलं कोपर दिसत होतं. मेहुण्यांच्या कपातला चहा निवत होता.

रविवारी सकाळी बायको आणि सासूबाई नटूनथटून खाली आल्या. डॉक्टरांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं, टर्बो दाखवला, भिंगऱ्यांची गोष्ट सांगितली. बायको निमूटपणे ऐकत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि अशी निमूट ती फक्त एखाद्याच्या उत्तरपत्रिकेसमोर व्हायची. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावली, पुन्हा बाहेर आली.

"बाबांच्या गाडीला भोक पाडलंत?"

"गोल आहे अगदी," डॉक्टर म्हणाले. "सफाईदार."

"बरं. स्टिअरिंगला मी."

"हो."

"मागे अर्ध्या सीटवर आई. उरलेल्या अर्ध्यावर स्टेपनी."

"हो. तात्पुरती."

"मग तुम्ही कुठे बसणार?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. हातात आरसा असता तर बायकोला त्यांच्या अक्कलदाढा मोजता आल्या असत्या. बॅटरी कुठे बसेल, गाळणी कुठे बसेल, हॉर्न कुठे बसेल, सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस कुठे बसेल हे मात्र राहूनच गेलं होतं. गाडी डॉक्टरांसाठी झाली होती आणि डॉक्टर गाडीबाहेर उभे होते. त्यांना भर सकाळी रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"मला त्या चढावरून एकदा बसून जायचं होतं गं," ते म्हणाले. "बस्स, एवढंच."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा राग कुठच्या कुठे पळाला. या माणसाने हे एवढं मनाला लावून घेतलं असेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने पर्समधून किल्ली काढली आणि जी गोष्ट लग्नापासून केली नव्हती ती केली. किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"घ्या. तुम्ही चालवा. मी बसने येते."

"कोण, जावईबापू चालवणार?" सासूबाईंनी आधी फाटकाच्या खांबाकडे आणि मग लेकीकडे पाहिलं. "मग मी आपली चालत येते. माझे गुडघे तसे बरे आहेत आता."

शेवटी बसने डॉक्टरच गेले. आधी निदान चढाच्या पायथ्यापर्यंत तरी ते मानाने बसून यायचे. आता बसमध्येही उभं राहावं लागलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर मोत्याने नाकालाच घराबाहेर काढलं होतं. बस पायथ्याशी थांबली. डॉक्टर उतरले, ठेवणीतल्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि मान खाली घालून चालू लागले. आता वरून कोणती हाक येणार हे त्यांना माहीत होतं.

हाक आली, पण वरून नाही, समोरून.

"दाजी! अहो दाजी!"

मेहुणे घरातल्या चपलांनी चढावरून धावत खाली येत होते. डॉक्टरांची पाचावर धारण बसली. डिकीतली बॅटरी, सीटखालचा हॉर्न, मागे बसलेल्या सासूबाई, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"काय झालं? आई बऱ्या आहेत ना?"

"आई? आईला काय धाड भरलीय!" मेहुणे धापा टाकत म्हणाले. "अहो, मी नेहमीसारखा चहा घेऊन गॅलरीत आलो. म्हटलं, अजून कसे आले नाहीत? खाली बघतो तर फाटकात डबी उभी! मागे वळतो तर आमची धाकटी बहीण माझ्या पाठीशी उभी. म्हणते, दादा, मला पण चहा. अहो, कधी आल्या, कशा आल्या, पत्ता नाही! समोरचे म्हणाले, नुसतं भुस्स झालं आणि आमची कुंडी पडली."

"फुटली का?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं.

"फुटू दे हो! ते स्वतः टाळ्या वाजवत होते. दाजी, मानलं तुम्हाला. हात आहेत का काय आहे!"

मेहुण्यांनी डॉक्टरांच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि दोघे मिळून चढ चढू लागले. मेहुण्यांना चालायची सवय नव्हती, ते दर थोड्या वेळाने थांबत. डॉक्टरांना होती. ते पुढे होऊन थांबत आणि मागे वळून म्हणत, "सावकाश, घाई नाही." समोरच्या घरातली सगळी माणसं बाहेर उभी होती, आणि या वेळी कुणाच्याही हातात कुंडीसाठी पाणी नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं, पुढे डॉक्टर आणि त्यांच्यामागे पिशवी घेऊन मेहुणे. डॉक्टरांना अगदी मनापासून आनंद झाला. गाडीत बसून आलो असतो तर हे सुख मिळालंच नसतं, असंही त्यांना वाटून गेलं.

फाटकाशी सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचे केस अजून मागे उडाल्यासारखे दिसत होते.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मी विशीत असल्यासारखं वाटलं हो! आता महिन्यातून एकदा नाही. आता दर रविवारी यायचं."

"दर रविवारी," बायको म्हणाली. ती डॉक्टरांकडे बघून गालातल्या गालात हसत होती.

दर रविवारी! डॉक्टरांच्या पोटऱ्यांना आत्ताच कळ आली. दर रविवारी बस, दर रविवारी हा चढ. मेहुणे आज कौतुकाने खाली आले, पुढच्या रविवारी येतील, पण त्याच्या पुढच्या? तोवर कौतुक शिळं होईल आणि मेहुणे पुन्हा गॅलरीत चढतील. हौसेला मोल नसतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण हौसेला पोटऱ्या लागतात, हे आज कळलं.

"दाजी, एक विचारायचं होतं," मेहुणे त्यांना बाजूला घेत म्हणाले. आपल्या मोठ्या गाडीवर त्यांनी हात फिरवला. "ही दिसायला एवढी, पण या चढावर म्हशीसारखी धापते हो. आणि आज त्या डबीशेजारी उभी केली तर समोरचे हिच्याकडे बघेचनात. हिला बसवून द्याल का तसलं काही? तुम्ही आणि तुमचे ते मित्र?"

डॉक्टरांनी मेहुण्यांना बॉनेट उघडायला लावलं आणि वाकून आत बघितलं. मग ते गाडीभोवती फिरले. डिकी उघडून पाहिली. एकेक दार उघडून आतल्या गुबगुबीत सीटवर हात दाबून पाहिला. पहिली रांग, मधली रांग, मागची रांग. त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"होईल ना?" मेहुण्यांनी काळजीने विचारलं.

"होईल की. का नाही होणार?" डॉक्टर दवाखान्यातल्या मऊ आवाजात म्हणाले. "किती जण बसतात हो हिच्यात?"

"सात," मेहुणे अभिमानाने म्हणाले.

"हो," डॉक्टर म्हणाले, "सध्या."